भूगोलाची जोडी

११ जाने.
तांबोळी बाईंनी आज नावं वाचली. जगाच्या भूगोलाची प्रश्नमंजुषा, नव्या जिल्ह्यातली पहिलीच. लातूरला. आपल्या शाळेकडून नववीतल्या दोघी, मंगल आणि मी. मागून कुणीतरी म्हणालं, एक पाटलाची अन् एक बौद्धवाड्यातली, बरी जोडी. बाईंनी ऐकलं असणार. त्या पुढं वाचत राहिल्या. नियम असा की जोडीनंच यायचं, जोडीनंच उत्तर द्यायचं.
शाळेत अ‍ॅटलास एकच. एक दिवस तिच्याकडं, एक दिवस माझ्याकडं. महाराष्ट्राच्या पानावर आपण अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच. बाई म्हणाल्या, पेन्सिलीनं लातूर लिहा. लिहिलं. मायला सांगितलं, आपला जिल्हा बदलला. तिनं विचारलं, मग टँकर रोज येईल का?

१८ जाने.
गावच्या विहिरीत आता नुसता गाळ. टँकर आला तर आला. सगळं गाव मंगलच्या मळ्यातल्या विहिरीवर जातं. तिच्या वडलांना सगळे दादाच म्हणतात, ते कुणाला न्हाई म्हणत न्हाईत. फक्त आपल्या वाड्यातल्या बायांनी खाली थांबायचं, त्यांचा गडी वरून ओततो.
मी घागरी लावून उभी. मंगल बांधावर बसून विचारून राहिली.
सर्वात खोल सरोवर? बैकल.
सर्वात उंच धबधबा? एंजल, व्हेनेझुएला.
अप्पर व्होल्टाची राजधानी? उआगाडुगू.
शेवटच्याला गडी इतका हसला की पाणी बाहेर सांडलं. माय चिडली. मला मात्र ते नाव लई आवडतं. घागर डोक्यावर घेऊन घरापर्यंत तेच म्हणत आले.

२ फेब्रु.
मळ्याचं फाटक बंद. गडी म्हणाला, मोसंबी जळून चालली, दादांनी आजपासून बंद सांगितलंय. परत फिरलो. वळणावर पाहिलं तर पाटीलगल्लीच्या बाया मागच्या वाटेनं आत जाऊन राहिल्या होत्या. मायनं पाहिलं, मी पाहिलं.
बाला सांगितलं. बा दिवसभर रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडून आलेला. म्हणाला, त्यांची विहीर हाय. अन् जेवला न्हाई.

३ फेब्रु.
अ‍ॅटलास आज माझ्याकडं यायची पाळी. मंगलनं बाकावर ठेवला, माझ्याकडं न बघता. मीही उचलला न बघता. म्हणजे बोलणं संपलंच.

८ फेब्रु.
ओढ्यात झिरा खणलाय. वाळूत खड्डा. पाणी वाटीनं भरायचं, मग थांबायचं, परत साचलं की परत भरायचं. माय आत उतरते, मी वर. रोज थोडं आणखी खाली जावं लागतं. आता ती आत गेली की डोकं दिसत न्हाई.
शाळेत आज चुकले. आफ्रिकेतली सर्वात लांब नदी विचारली तर काँगो म्हणाले. नाईल. पाचवीतली पोरं सांगतात. बाई वर्ग संपल्यावर जवळ आल्या. काय झालं बेटा? मी म्हणाले, झोप न्हाई झाली. तेही खरंच हाय.
कशाला जायचं लातूरला?

१३ फेब्रु. (लातूर)
नव्या कचेरीसमोरच्या शाळेत स्पर्धा. सगळीकडं जिल्हा लातूर, जिल्हा लातूर, ताजा रंग. एका मास्तरांनी भाषणात तीनदा उस्मानाबाद म्हणून जीभ चावली.
आम्ही दोघी एका बाकावर. आठवडाभर बोललेलो न्हाई. पहिल्या फेरीत ती हळूच कागदावर लिहायची, मी वाचून उत्तर द्यायची. तोंड उघडायला नको. शेवटच्या फेरीत उदगीरच्या पोरांबरोबर बरोबरी झाली. प्रश्न आला: दक्षिण अमेरिकेतल्या कोणत्या देशाला दोन राजधान्या आहेत, त्या कोणत्या?
मी म्हणाले बोलिव्हिया, ला पाझ. त्याच श्वासात तिनं सुक्रे म्हणलं. पहिल्या आलो आम्ही. तिनं बाकाखाली माझा हात धरला अन् लगेच सोडला.
येताना बसमध्ये खिडकीकडं बघत म्हणाली, "सुजे, मी दादांना म्हणलं होतं विहिरीचं."
"मग?"
"म्हणले, तू भूगोल कर."
पुढची फेरी एप्रिलमध्ये, नांदेडला. सगळ्या मराठवाड्याची. पहिल्या येणाऱ्यांची दहावी ते बारावी, राहणं-जेवणं-पुस्तकं सगळं स्पर्धा घेणारी संस्था करणार. बाईंनी हे दोनदा सांगितलं, माझ्याकडं बघून.

१५ फेब्रु.
शाळेत सत्कार. पाहुणे कोण, तर दादा. मंगलला हार घातला, मग मला. नारळ माझ्या हातात दिला, हाताला हात लागला. माईकवर म्हणाले, या दोन लेकींनी गावाचं नाव केलं, दोघीही माझ्याच. टाळ्या वाजल्या. बा मागं उभा होता, त्यानंही वाजवल्या.
संध्याकाळी झिऱ्यावर. नारळ मायनं फोडला. पाणी थोडं निघालं, तिनं मला प्यायला लावलं.

२४ फेब्रु.
लिहिता येत न्हाई. लिहिते.
परवा झिरा ढासळला. माय आत होती. वाळू कमरेच्या वर. मी ओरडले की न्हाई आठवत न्हाई. बाया हातांनी, घागरींनी, ताटल्यांनी उकरत होत्या. ती वरच बघत होती, माझ्याकडं. बाहेर काढली तेव्हा डावा पाय वेगळाच वळलेला.
तेवढ्यात रस्त्याला टँकर आला, चार दिवसांनी. वाड्यातली एक म्हातारी म्हणाली, आधी रिकामा करा, मग न्या. तिचंही चुकलं असं मला म्हणता येत न्हाई. ड्रायव्हरनं ऐकलं न्हाई. मायला केबिनीत घेतलं अन् भरल्या टँकरनं अहमदपूरला आणलं. तिथून नांदेड. त्या दिवशी वाड्यात कुणाला पाणी मिळालं न्हाई.

४ मार्च (नांदेड)
सरकारी दवाखाना. मामा रेल्वेत खलाशी, त्याची खोली रुळाजवळ. मी रात्री दवाखान्यात, दिवसा मामीकडं. बा गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवून येतो, मायच्या खाटेखाली झोपतो.
मामीच्या दारात नळ. सकाळी येतो. बादली भरून वाहायला लागली तरी मी बघत बसले. मामी म्हणाली, बंद कर ना गं.
डॉक्टर म्हणाले पाय जुळेल, पण आखूड राहील. डोक्यावर ओझं न्हाई. कधीच न्हाई. मायनं ऐकून घेतलं, मग भिंतीकडं तोंड करून विचारलं, पाण्याला कोण जाईल?
प्रश्न मलाच होता.

१२ मार्च
बा गावाला जाऊन आला. परवा खडीवर परत जाईल. मला म्हणाला, नववी झाली की बस कर बाई. रागावून म्हणाला न्हाई. रागावला असता तर भांडता आलं असतं.
मग सांगितलं की मंगलनं काय केलं. माय दवाखान्यात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुपारी मळ्यात गेली, फाटक उघडलं, विहिरीची मोटार चालू केली अन् बौद्धवाड्यात येऊन बायांना म्हणाली, चला. गडी अडवायला गेला तर म्हणाली, दादांना माझं नाव सांग. सगळ्यांनी भरून घेतलं. त्या दिवशीपासून ती शाळेत न्हाई. दादा तिला घराबाहेर सोडत न्हाईत. देगलूरकडचं स्थळ बघून राहिलेत म्हणे.
"तुझ्या मैतरणीला लई मारलं असं ऐकलं," बा म्हणाला. मग म्हणाला, "खरं-खोटं मला माहीत न्हाई."
मी तिच्याशी महिनाभर नीट बोलले न्हाई. अन् तिनं हे केलं.

२१ मार्च
तांबोळी बाई दवाखान्यात आल्या. मायसाठी पपई, माझ्यासाठी अ‍ॅटलास. म्हणाल्या, सुजाता, तुझं नाव पटावर हाय, परीक्षा मी नंतर घ्यायला लावते, नांदेडची फेरी तू करायची. मी म्हणाले, जोडी? बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. त्यांनी संस्थेला दुसरी मुलगी चालेल का विचारलं, चालत न्हाई. ज्यांनी लातूर जिंकलं त्याच दोघी. एक न्हाई आली तर जोडी बाद.
"मी जाते दादांकडं," बाई म्हणाल्या. "अजून दोनदा जाईन. हाकललं तरी जाईन."
म्हणजे एकदा हाकललंय.

१ एप्रिल
एकटीच विचारते, एकटीच सांगते. सर्वात कोरडं वाळवंट? अटाकामा. माय दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली, तिथली माणसं पाणी कुठून आणतात? पुस्तकात न्हाई. तिला म्हणाले, माहीत न्हाई. तिला वाटलं माझा अभ्यास कच्चा हाय. म्हणाली, ते बघून ठेव, विचारतील.
उन्हानं मामीच्या दारापुढचे रूळ दुपारी तापतात, नजर ठरत न्हाई. बाईंचा निरोप न्हाई.

९ एप्रिल
उद्या स्पर्धा. संध्याकाळी अहमदपूर गाडीच्या कंडक्टरनं मामाकडं निरोप दिला: सकाळी स्टँडवर ये. एवढाच. बाईंनी मंगलचं काही कळवलं न्हाई. विचारलं तर कंडक्टर म्हणाला, मला जेवढं सांगितलं तेवढं सांगितलं.
मामीनं युनिफॉर्म धुवून दिला. मायनं वेणी घातली, बसल्या बसल्या, दुखलं तरी. जाऊ नको म्हणाली न्हाई. जा असंही न्हाई.

१० एप्रिल (स्टँडवर)
पहिली गाडी आली. बाई उतरल्या. एकट्या.
मी मागं बघत राहिले. सगळे उतरले, ड्रायव्हरही उतरला.
बाई म्हणाल्या, काल तिसऱ्यांदा गेले होते. दादांनी दार लावून घेतलं. पण मंगलच्या आईनं मागच्या दारातून विचारलं की दुसरी गाडी किती वाजता हाय. फक्त एवढंच विचारलं.
दुसरी गाडी पोचून, रिक्षानं गेलं तर हॉल गाठता येईल. गाडी वेळेवर आली तर.
बाई म्हणाल्या, चहा घे. घेतला न्हाई. बाकावर बसून लिहून राहिले. फाटकातून गाड्या येतात, पाट्या वाचते. परभणी. किनवट. भोकर. उमरी. अहमदपूर अजून न्हाई. बाई उभ्याच हायेत.