भिंती ऑफिसातच राहिल्या

मंगळवार, संध्याकाळ

वर्तकनगरच्या सोसायटीत आज नव्या बिल्डिंगचा प्लॅन दाखवायला गेलेले. लॅपटॉपवर फाईल उघडली तर पलंग, ओटा, कमोड सगळं जागेवर, भिंती मात्र गायब. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, कमोडला आडोसा तरी दे."

भिंतींची फाईल वेगळी असते, माझ्या फाईलमध्ये तिचा फक्त पत्ता असतो, हे आज कळलं. सरांना फोन केला तर म्हणतात, "दोन्ही फाईली न्यायच्या असतात, सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं. चार महिने त्या भिंती स्क्रीनवर दिसतायत, मला वाटलं माझ्याच फाईलमध्ये आहेत.

आणि तो कमोड. सगळ्या सोसायटीसमोर, उघड्यावर.

घरं रिकामी करायच्या कागदावर आज सह्या व्हायच्या होत्या. काकूंनी पेनाला टोपण लावलं. "भिंती आल्या की ये," म्हणाल्या.