अर्ध्या भाड्याची खाट

माझ्या हट्टी बायकोला,

आईला सांग, मी पोटभर जेवतो आणि बेकरीतल्या भट्टीपाशी थंडीही वाजत नाही. कर्ज न काढता घर घ्यायचं ही तुझी अट मी विसरलेलो नाही. दारं-खिडक्या झाल्या, म्हणजे तेवढे पैसे साठले. आता स्वयंपाकघराच्या मागे लागलोय.

इतक्या कमी भाड्यात खोली कशी मिळाली, असं तू विचारलंस. एकच खाट आम्ही दोघं पाळीने वापरायचो. रात्री एक रंगारी झोपायचा, दिवसा मी. कामावरून सकाळी आलो की गादी त्याच्या अंगाने उबदार असायची. तोही कर्जाला भ्यायचा. "आता फक्त छप्पर राहिलं," म्हणायचा. मागच्या महिन्यात परांचीवरून पडून गेला बिचारा.

गेलेल्या माणसाची खाट कुणालाच नको असते, त्यामुळे दुसरा कोणी आला नाही. मालक मात्र माझ्याकडून अर्धंच भाडं घेतो. आपलं नशीबच म्हणायचं.

धाकटीचा खोकला थांबला का? औषधात काटकसर करू नकोस.

गादी अजूनही रोज सकाळी उबदार लागते. ऊन येत असेल म्हणावं, तर खोलीला खिडकी नाही. पण अर्धं भाडं सोडवत नाही गं. "सरक रे बाबा," म्हणतो आणि आडवा होतो.

आपलं घर झालं की एक कर. शेजारी येऊन झोपण्याआधी काहीतरी बोल. ऊब तुझीच आहे, एवढं मला कळू दे.

तुझा चिक्कू नवरा