खुंटीवरचे बिल्ले

३ जून
आलो एकदाचे! नोकरी झकास, खोलीही मिळाली, कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीला अगदी चिकटून. हिला सहावा महिना लागलाय. दवाखाना जवळ म्हणून खूश आहे. इथे गॅमा किरणांनी वेल्डिंगचे सांधे तपासतात. मी प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावायचा आणि महिनाअखेर तो प्रयोगशाळेला पाठवायचा. कुणाला किती किरणं लागली ते बिल्ला सांगतो. पोरांनी लगेच नाव पाडलं: बिल्लामास्तर.

१२ जून
आज डोकं फिरलं! सगळे बिल्ले विश्रांतीच्या खोलीत खुंटीला आणि माणसं तशीच कामावर. फोरमन हसून म्हणाला, मास्तर, बिल्ल्यावर किरणांची मर्यादा भरली की घरी बसवतात, मग आमची चूल तुम्ही पेटवणार का? मी बाकावर चढलो. बिल्ला नाही म्हणजे किरणं नाहीत, असं समजणाऱ्यांनो, शरीर कुणाची भीड ठेवत नाही! टाळ्या पडल्या. संध्याकाळी बिल्ले पुन्हा खुंटीला.

४ जुलै
अहवाल आला. जे बिल्ले कुणी घातलेच नाहीत, त्यांच्यावर वर्षाच्या मर्यादेहून जास्त डोस! भिंतीला रजा द्या, म्हणून पोरं खिदळली. मला हसू येईना. त्या भिंतीपलीकडे आम्ही झोपतो.

५ जुलै
मालक म्हणाले, उन्हाने बिल्ले बिघडले असतील. मोजायचं यंत्र? दुरुस्तीला. मग फोरमन कानाशी लागला. तुम्ही यायच्या आधी जुन्या यंत्रातली किरणं सोडणारी गोळी निखळून हरवली. तांदळाएवढी. सगळे गप्प बसले. हिला सारख्या ओकाऱ्या, छातीवर लाल चट्टा. शेजारीण म्हणते, दिवसांत असं व्हायचंच. व्हायचंच?

६ जुलै
दुसऱ्या कारखान्यातून किरणं मोजायचं यंत्र मागून आणलं. ही आमच्या खोलीत पडून होती. खुंटीजवळ काटा चढला. आमच्या खोलीत — त्याहून जास्त. हिला ताबडतोब बाहेर पिटाळलं.

पुन्हा मोजलं. काटा खाली. भिंत स्वच्छ, खाट स्वच्छ. सुटलो! पण मग मघाशी —

काटा हलतोय. मी तर टेबलाशीच —

दारात ही. ओरडलो, तिथेच थांब! थांबली. घाबरून गळ्यातला दोरा धरलाय. म्हणते, आवारात सापडलेला मणीच तर आहे, चकचकीत, बाळासाठी ठेवलाय. काढून तुमच्या हातात देऊ का, विचारते. नको, फेक, लांब फेक — निघत नाही, गाठ बसलीय म्हणते, तुम्हीच या ना —