डाव्या पायावरचं ओझं

१७ नोव्हेंबर
अंबाजोगाईहून दुपारी इथं पोहोचले. तात्यासाहेबांचा बंगला मिटमिटा गावाच्या पुढं, मागं मोसंबीची बाग. मला गच्चीवरची खोली मिळालीय, खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसतो. फिजिओथेरपी शिकल्यापासून पेशंटच्या घरीच राहून काम करायची ही पहिलीच वेळ, त्यामुळं जरा मिरवल्यासारखं वाटतंय.
पेशंट म्हणजे तात्यासाहेबांचा मुलगा ऋतुराज. दगडधोंड्यांतून, ओढ्यानाल्यांतून जीप घालायचा त्याला नाद. सप्टेंबरात वेरूळच्या मागच्या डोंगरात जीप उलटली आणि उजवी नडगी मोडली. आत रॉड आहे, जखम भरलीय. आता वॉकरवरून चालतं करायचं. माणूस हसरा आहे. उन्हाळ्याच्या आत स्टिअरिंग हातात द्या, म्हणाला.

२१ नोव्हेंबर
छान चाललंय. घोटा वळायला लागलाय, आज अंगणात फेरी मारली. तक्रार आहे ती डाव्या पायाची, ज्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मांडीवर ओझं ठेवल्यागत वाटतं म्हणतो. मोडका पाय वाचवताना चांगल्यावर भार येतो, स्नायू दुखतात, असं समजावलं. त्यानं मान डोलावली, पण पटलं नसावं.

२६ नोव्हेंबर
डावा पाय गार लागतोय. मांडीवर आडवा निळा पट्टा उमटलाय, पंज्याएवढा रुंद. शहरात नेऊन एक्स-रे काढला, रक्तप्रवाहाची सोनोग्राफी केली. सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, घाबरून जाऊ नका.
परत येताना त्याला सारखी तहान. बाटली तोंडाला लावतो, पण जेमतेम घोटभर उतरतं, बाकीचं ओठांतून बाहेर सांडतं. ओठ फुटलेत.

२९ नोव्हेंबर
फाटकाशी एक म्हातारी बसली होती. तात्यासाहेबांनी तिला हाकलायला सांगितलं. मी मागोमाग गेले. सखूबाई नाव, डोंगराकडं त्यांची मेंढरं असतात. तिचा मुलगा अजिनाथ त्या दिवशी जीपमध्ये होता. वाटा ठाऊक म्हणून ऋतुराजनं शेजारी बसवून नेला होता. जीपमध्ये दुसरं माणूस होतं, हे या घरात मला कुणीच सांगितलं नव्हतं.
ती रडली नाही. म्हणाली, “डाव्या मांडीवर गाडी व्हती, बाई. दिसभर. आमच्या मानसांला सांजच्याला घावला तवा जित्ता व्हता. म्हनला, मालक पानी आनाया गेल्यात, येतीलच. तेवढं बोलला आन् जीव सोडला.”
मग म्हणाली, “मला भांडायचं नाय. पानी आनाया कुठवर गेलते, तेवढंच इचारायचंय.”

३० नोव्हेंबर
ऋतुराजला विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. तो बाहेर फेकला गेला होता. पाणी आणतो असं अजिनाथला सांगून सरपटत रस्त्यापर्यंत आला. एका गाडीवाल्यानं उचललं, दवाखान्यात नेलं. शुद्धीत होता. पण अजिनाथबद्दल बोललाच नाही. घाबरलो होतो म्हणाला, उशीर होत गेला तसं आणखीच जमेना. तात्यासाहेबांनी नंतर सगळ्यांना सांगितलं, मुलगा बेशुद्ध होता.
सखूबाईला आणि पोलिसांना हे सांगा, म्हटलं.
म्हणाला, “सांगतो. पण आधी त्याला पाणी नेऊन द्यायचंय. तो वाट बघतोय, दिपालीताई.”

२ डिसेंबर
पट्टा कमरेपर्यंत. नखं काळी.
व्यायामाला पाय उचलायला गेले, उचलेना. खाली बघितलं. उजव्या पायाखाली गादी सपाट. डाव्याखाली खोल चेपलेली, कुणी वर बसल्यासारखी —
सोडून जावंसं वाटतंय. पण त्याला असं टाकून —

३ डिसेंबर
तपासणीचं सांगून निघालो. गाडी मीच चालवली. जीप उलटली होती त्या ओढ्याशी आलोय. टळटळीत ऊन, मोबाईलला रेंज नाही. पिशवीत ही वही होती म्हणून लिहून ठेवतेय. काही झालंच तर अजिनाथची हकिकत तरी कुणाला कळावी.
वॉकर टेकत तो स्वतः खाली उतरला. बाटली दगडांवर रिकामी केली. माफी मागितली. मग आडवा झाला. मला वाटलं, दमला.
उठताच येत नाही त्याला. ओढून बघितलं. मांडी वाळूत रुततेय, वर काहीच नाही, तरी —
रस्त्यावरून माणसं घेऊन येते म्हटलं. जाऊ नका म्हणतो. मीही असंच सांगून गेलो होतो, म्हणतो.
जायलाच हवं. उठले होते —
माझा घोटा धरलाय. घट्ट. त्याचे दोन्ही हात छातीवर आहेत, दोन्ही दिसतायत मला. मग हा —