लिटरमागे छत्तीस

वोनोसोबो, जावा,
१२ ऑगस्ट २००३

प्रिय सुतार्नोदादा,

सलाम. इकडे सगळे बरे आहोत. तुमच्याकडे सुमात्रात यंदा कॉफी चांगली आली हे वाचून आनंद झाला. इथे गोठलेल्या दहिवराने बटाट्याची पानं करपली.

मला दिलेल्या मोटारसायकलबद्दल दर पत्रात तू विचारतोस, "माझी गाडी ॲव्हरेज किती देते?" आणि मी दर वेळी पन्नास लिहितो. दादा, ते खोटं आहे. दीड वर्ष झालं, ती छत्तीसच्या वर जात नाही.

लगेच तोंड सोडू नकोस. सगळं करून झालंय. टायरची हवा रोज बघतो. एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ केला, चेन नवी घातली. मागचा ब्रेक घासत होता, तोही सैल केला. गॅरेजवाला जुमादी म्हणाला, "एवढा चढ, वर मागे सवारी. पेट्रोल पिणारच ती." मी म्हटलं, चढ काय काल उगवला?

शेवटी गेल्या आठवड्यात सोमवारी वैतागून जुमादी स्वतःच चालवायला बसला. तीच गाडी, तोच घाट, मागे मी. अठ्ठेचाळीस भरलं! उतरल्यावर तो गाडीकडे बघेना, माझ्या उजव्या हाताकडेच बघत राहिला.

"कधीपासून थरथरतोय?"

"थंडी आहे रे."

"थंडी मलाही वाजते, वागिमान."

रेसची मूठ माझ्या हातात ठरत नाही, दादा. रेस उगाच वाढते, उगाच पडते. पेट्रोल तिथे जातं.

गुरुवारी रुमियाती सुईणबाईंना वरच्या वाडीवर नेत होतो. बाळंतीण अडली होती. वळणावर गाडीने अशी उसळी घेतली की चाक दरीच्या कडेला गेलं. बाई उतरल्या. ओरडल्या नाहीत. "उरलेलं मी चालत जाते, भाऊ," एवढंच म्हणाल्या. पोचायला पाऊण तास उशीर झाला. अल्लाची कृपा, मूल वाचलं.

बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. पोरींची शाळा, चूल, सगळं या सवाऱ्यांवर चालतं. म्हणून शुक्रवारी पुन्हा स्टँडवर जाऊन उभा राहिलो. आजही. फार थकलोय. काय करायला हवं ते कळतं, पण माझ्याच्याने होत नाही. गाडी तू दिलीस, आता तूच येऊन घेऊन जा. मी रडलो, भांडलो तरी ऐकू नकोस. आणि लवकर ये.

तुझा धाकटा,
उद्या सकाळीही गाडी काढणारा,
वागिमान