साडेतीन शेर गूळ

तुळजापूर. भाद्रपद वद्य नवमी, संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. देवीला आलेली सोलापूरची एक बाई दोन दिवस आमच्याकडं जेवायला होती. आज सकाळी निघताना म्हणाली, "आमच्यात गूळ रुपयाला साडेतीन शेर मिळतोय." इथं तीनच शेर! गेल्या साली पाच मिळायचा. तशीच अप्पांच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्यांना लुटारू म्हणाले.

अप्पा शांतपणे म्हणाले, "बाई, तिकडचा रुपया इंग्रजाचा, कलदार. आपला निजामाचा हाली त्याच्याहून हलका. हिशेब करा, भाव सारखाच हाय. तिकडं बी महागलंय, म्या काय करू?"

सगळे हसले. आता राग काढायचा तरी कुणावर? साडेतीन शेर ऐकलं आणि रुपया कुठला, हे विचारायचं सुचलंच कसं नाही?

खोटं कशाला लिहू? मी जेवणाचे दोन रुपये सांगितले होते ते हाली धरून. त्या बाईनं हातावर दोन कलदार ठेवले. ते मात्र मी बघताक्षणी ओळखले, गुपचूप डब्यात टाकले आणि मगच अप्पांना लुटारू म्हणायला निघाले.