हरवलेला तिसरा अंक

३ जानेवारी
आजपासून रोज पहाटे उठून पुस्तक लिहायचं. विषय ऑपेरेटा, म्हणजे हसतखेळत गाण्यांतून सांगितलेली गोष्ट. माझ्या लाडक्या, सगळे विसरलेल्या संगीतकाराच्या शेवटच्या ऑपेरेटाचा तिसरा अंक हरवलाय. तो शोधणारा जगात मी एकटाच. ही म्हणाली, "दुसरं कोण शोधणार?" कौतुकच ते.

४ जानेवारी
उठायला साडेनऊ झाले. थंडी.

१९ जानेवारी
विभागप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, माझ्या ऑपेरेटाच्या कोर्सला एकच विद्यार्थिनी आहे आणि तीही चुकून आली; तिला 'ऑपरेशन्स मॅनेजमेंट'ला जायचं होतं. जूनपासून कोर्स बंद. मला लिहायला सवड मिळावी म्हणूनच हे. साहेब दूरदृष्टीचे आहेत.

२ मार्च
तिसऱ्या अंकावरचं प्रकरण पूर्ण! अंक मिळालेला नाही, पण तो कसा असणार हे मी ताडलंय. भांडलेले नायक-नायिका एकत्र येतात, वॉल्ट्झचा जोडीनाच सुरू होतो, प्रेक्षक रडतात. हिला अख्खं प्रकरण वाचून दाखवलं. मध्येच म्हणाली, "गॅस बंद केलात का?" भारावलं की माणूस असं भलतंच बोलतो.

११ एप्रिल
ही मुलीकडे राहायला गेली. निघताना म्हणाली, "आता शांतपणे लिहा." किती समजूतदार! दोन मोठ्या बॅगा नेल्या. ऐन उन्हाळ्यात स्वेटरसुद्धा. जरा वेंधळीच आहे.

२० मे
संगीतकाराची नात सापडली! आजीबाई खुटखुटीत. तिसऱ्या अंकाचं विचारलं तर हसतच सुटल्या. "अहो, आजोबांनी तो लिहिलाच नाही. कंटाळले. त्या दोघांना तसंच भांडत सोडलं आणि छत्र्यांचं दुकान काढलं. मरेपर्यंत मजेत होते."
चहा थंड झाला तो तसाच प्यायलो.

२१ मे
आजीबाईंचं वय झालंय. प्रकरणात बदल नाही.

२४ मे
प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. दुसऱ्या पानाच्या पुढे जाववेना. मुलीकडे फोन केला. हिनेच उचलला. म्हटलं, तिसरा अंक नव्हताच गं. ती म्हणाली, "वाईट वाटलं हो." मी म्हटलं, आता तू ये, पुस्तकाचं राहू दे. तर म्हणाली, "मी रागावलेली नाही. पण येणार नाही."
मग तिनेच विचारलं,
"जेवलात का?"
हो म्हटलं. तिने फोन ठेवला.
जेवलेलो नाही. भूकही नाही.